तव्यावरचा काळा थर नक्की कशाचा?

पावभाजीची गाडी रात्री आवरली जाते, तेव्हा एकदा मुद्दाम थांबून बघा. शेवटची प्लेट गेली तरी गाडीवाला आच बंद करत नाही. तापलेल्या तव्यावर तो तांब्याभर पाणी ओततो, चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठतो आणि रुंद उलथन्याने तो कडेपासून मध्यापर्यंत सगळं खरवडत आणतो. ते लालसर गढूळ पाणी काढून टाकलं की तवा पुन्हा कोरडा होईपर्यंत तापतो. मग तेलाच्या फडक्याचा एक हात फिरतो आणि आच बंद होते. साबणाचं नाव नाही.

त्या तव्याकडे नीट पाहिलं तर तो एकरंगी नसतो. जिथे भाजी दिवसभर ठेचली जाते तो मधला भाग राखाडी, चकचकीत दिसतो. कडा मात्र काळ्याभोर आणि गुळगुळीत असतात. अनेकांना तो काळा थर म्हणजे मळ वाटतो आणि घरी आणलेला लोखंडी तवा ते तारेच्या घासणीने पांढरा होईस्तोवर घासतात. इथेच चूक होते. तो थर मळ नाही, काजळी नाही आणि साचलेलं तेलही नाही. तेलापासून तव्यावरच तयार झालेलं ते एक प्रकारचं वॉर्निश आहे.

क्रिकेटची नवी बॅट आठवा. तिला जवसाचं तेल चोळून ठेवतात आणि काही दिवसांत बॅट हाताला तेलकट लागेनाशी होते. ऑइल पेंटिंगचे रंगही याच तेलात कालवतात, कारण हे तेल ‘वाळतं’. मात्र हे वाळणं पाण्यासारखं नसतं. तेल उडून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं वजन किंचित वाढतं. तेलाच्या प्रत्येक रेणूला कार्बनच्या तीन लांब शेपट्या असतात. काही शेपट्यांमध्ये कार्बनच्या अणूंत दुहेरी बंध असतात आणि अशा दोन बंधांच्या मधोमध असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. ऑक्सिजन नेमका तिथे हात घालतो. हायड्रोजन निघाला की रिकामी झालेली जागा शेजारच्या रेणूला पकडते, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि बघता बघता सगळ्याचं एक जाळं विणलं जातं. यालाच पॉलिमर म्हणतात. बॅटवर या कामाला दिवस लागतात. तव्यावर २३० ते २५० अंश सेल्सिअसला ते अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, आणि सोबत थोडा भाग जळून कार्बन होतो. काळा रंग येतो तो त्यामुळे.

तवा मुरवणं, म्हणजे सीझनिंग, ते एवढंच आहे. पण यात एक अट आहे आणि ती मी स्वतः चुकवली होती. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नवा तवा आणल्यावर भरपूर तेल घातलं तर थर लवकर जमेल असं मला वाटलं. तासभर तापवून तवा गार केला, तर वर मधासारखा चिकट पिवळट लेप आला होता, बोट लावलं की ठसा उमटत होता. कारण साधं आहे. ऑक्सिजन वरून येतो. जाड तेलाच्या पृष्ठभागावर साय धरते आणि खालचं तेल अर्धवट विणलेलं राहतं. तो लेप गरम करून, खरवडून, धुऊन मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

दुसऱ्या वेळी केलं ते असं. कारखान्यातून येताना लावलेलं ग्रीस जावं म्हणून तवा गरम पाण्याने आणि साबणाने घासून घेतला, मंद आचेवर खडखडीत कोरडा केला. चमचाभर तेल सगळीकडे चोळलं आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसलं, जणू तेल चुकून लागलंय आणि ते काढून टाकायचंय. मागे उरतो तेवढाच थर हवा असतो. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवलं. असं चार वेळा. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करावं, कारण तो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

तेल कुठलं घ्यावं, याचं उत्तरही त्या दुहेरी बंधांतच आहे. सूर्यफूल, सोयाबीन, करडई या तेलांत असे बंध भरपूर, म्हणून ती चांगली. शेंगदाणा तेल मधलं, थोडा धीर धरला तर उत्तम चालतं. खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त स्निग्धाम्लं, म्हणजे दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, त्यामुळे त्यावर घावन छान होईल, पण पहिला थर द्यायला ते उपयोगाचं नाही. जवसाचं तेल सगळ्यांत झटपट वाळतं खरं, पण त्याचा थर ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. मी तरी ते वापरणार नाही.

आता साफसफाई. गरम तव्यावरचं पाणी करपलेल्या पापुद्र्याखाली शिरतं आणि तिथेच त्याची वाफ होते. वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा घेते, त्यामुळे पापुद्रा खालून उचलला जातो. गाडीवाल्याचं उलथनं फक्त सुटलेलं गोळा करतं. पण ही रीत पत्र्याच्या तव्याची. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असल्याने ते ठिसूळ असतं. कडकडीत तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो, तिथे पाणी गरमच घ्यावं. भांडी घासायच्या सौम्य साबणाने मुरलेला थर विरघळत नाही, तेवढं घाबरायचं कारण नाही. खरा शत्रू तीव्र अल्कली. कॉस्टिक सोडा त्या जाळ्यातले बंधच तोडतो. तव्यावरचा जुना थर मुळापासून काढायचा असेल तेव्हा नेमका याचाच उपयोग करतात.

दुसरा शत्रू आंबटपणा. टोमॅटो, चिंच, कोकम यांतली आम्लं थरातल्या बारीक फटींतून खाली शिरतात आणि लोखंडाला विरघळवतात. पावभाजीच्या तव्याचा मधला भाग राखाडी राहतो तो यामुळेही, सततच्या खरवडण्यामुळेही. तिथे थर टिकतच नाही. भाजी चिकटत नाही, कारण लोणी सढळ असतं आणि उलथनं थांबत नाही. डोशाच्या तव्याची गोष्ट वेगळी. त्यावर दिवसभर डोसेच निघतात, म्हणून त्याचा थर वाढत जातो. घरीही घावन-डोशाचा तवा वेगळा ठेवावा आणि त्यावर टोमॅटोची भाजी करू नये.

तवा मुरलेला असूनही घावन फसतं, ते बहुधा आचेमुळे. पाण्याचा थेंब टाकून पाहा. चर्र करून आटला तर तवा शंभराच्या थोडा वर आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला तर तवा दोनशेच्या आसपास पोचलाय. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तव्याला टेकतच नाही. लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं. इतक्या तापलेल्या तव्यावर पीठ पसरायच्या आत शिजतं आणि पळीबरोबर गोळा होऊन येतं. म्हणून डोसेवाला पाणी शिंपडून झाडूने पुसतो.

घरी हीच नक्कल केली की गडबड होते, आणि त्याचा हिशेब करता येतो. साठ सेंटिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड तव्याचं वजन तेरा किलोच्या आसपास भरतं. अर्धी वाटी, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी त्यावर पूर्ण आटलं, तर तो साधारण चाळीस अंशांनी उतरतो. आपला पंचवीस सेंटिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा तवा सव्वा किलोचाही नसतो. त्याला तेवढंच उतरवायला दोन लहान चमचे पाणी पुरतं. हातभर शिंतोडे उडवले तर तो थेट गार पडतो आणि पुढचं घावन पांढरं, चिवट निघतं. त्यापेक्षा आच कमी करावी आणि अर्ध्या कांद्याने किंवा वांग्याच्या देठाने तेलाचा हात फिरवावा. कोकणात बिड्यावर घावनं घालताना देठच वापरतात. त्याने तेल लागतं ते अगदी पातळ, जेवढं तव्याला हवं असतं तेवढंच.