ब्रोमेलिया : सातारा-सांगलीच्या परसबागेतील लागवड

ब्रोमेलिया हे अननसाच्या कुळातील शोभेच्या झाडांना नर्सरीवाल्यांनी दिलेले सरसकट नाव. शास्त्रात ब्रोमेलिया ही या कुळातली एक प्रजाती आहे आणि ती कुंडीत जवळजवळ कोणी लावत नाही. कुंडीत दिसतात त्या गुझमानिया, निओरेगेलिया, एक्मिया, व्रीसिया, बिलबर्गिया या तिच्या भावंडांच्या प्रजाती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूमिए यांनी ओलोफ ब्रोमेलियस (१६३९–१७०५) या स्वीडिश वैद्याच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले आणि पुढे ते साऱ्या कुळाला चिकटले. कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील गिनीत वाढणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही एक जात सोडली, तर सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. सह्याद्रीच्या रानात यांपैकी एकही मूळची नाही, म्हणून मराठीत यांना जुने नावही नाही. कुळातला अननस तेवढा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आला आणि येताना ब्राझीलच्या तुपी भाषेतले आपले नावही घेऊन आला.

या झाडांची ख्याती ‘कमी देखभालीची’ अशी आहे आणि ती खरी आहे. तरीही सातारा-सांगलीच्या घरांत ती मरतात. बहुधा दुर्लक्षाने नव्हे, लाडाने मरतात. काळी माती, शेणखत, बुंध्याला भरपूर पाणी आणि महिन्याला चिमूटभर युरिया ही ऊस-हळदीच्या मुलखातली झाडे जगवण्याची रीत. ब्रोमेलियाला यातली एकही गोष्ट मानवत नाही.

त्याचे कारण झाडाच्या बांधणीत आहे. बहुतेक ब्रोमेलियांची पाने बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगून मधोमध द्रोण तयार करतात. पावसाचे पाणी, पडलेला पालापाचोळा, मेलेले किडे या द्रोणात साचतात, कुजतात आणि पानांच्या पृष्ठभागावरचे खवल्यांसारखे बारीक केस त्यातले पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेतात. मुळांचे काम मुख्यतः फांदीला किंवा खडकाला धरून राहण्याचे. अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात म्हणून त्यांना बांडगूळ समजले जाते, ते चूक आहे. आंब्यावरचे बांडगूळ फांदीत मूळ घुसवून तिचा रस पिते, ब्रोमेलिया फांदीवर नुसती बसते. आपल्या घाटातल्या आमऱ्याही, म्हणजे ऑर्किडही, अशाच बसतात. ज्याला आमरी सांभाळता येते त्याला ब्रोमेलियाबद्दल फारसे काही नव्याने शिकावे लागत नाही.

डोळ्यांत भरतो तो रंग क्वचितच फुलांचा असतो. बोगनवेलीप्रमाणे इथेही छदे, म्हणजे फुलांच्या तळाशी असणारी पाने, रंगलेली असतात. खरी फुले त्यातून डोकावतात आणि लवकर सुकतात. गुझमानियाचा लाल, केशरी किंवा पिवळा तारा तीन-चार महिने टिकतो. एक्मिया फॅसियाटाच्या करड्या-हिरव्या पानांवर चंदेरी आडवे पट्टे असतात आणि मधून काटेरी गुलाबी तुरा वर येतो. तिची फुले निळी, सुकताना लालसर होणारी. व्रीसिया स्प्लेंडेन्सचा तुरा चपट्या लाल तलवारीसारखा असतो. निओरेगेलिया तुरा काढतच नाही. फुलण्याची वेळ आली की तिची मधली पाने लाल-जांभळी होतात आणि फुले द्रोणातल्या पाण्यातच उमलतात. सबंध झाड म्हणजेच फूल, असे तिच्याबाबत म्हणता येईल. बिलबर्गिया न्यूटन्सचा गुलाबी छदांचा लोंबता बहार देखणा, पण चार दिवसांचा.

बहुतेक जातींचे एक झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि मग सावकाश वाळते. नव्याने विकत घेणाऱ्याला हा मोठा धक्का असतो आणि विकणारा ते सहसा सांगत नाही. पण केळ लावणाऱ्याला यात नवे काही नाही. घड कापला की केळ संपते आणि शेजारचे मुनवे वाढू लागतात, तसेच इथे होते. आईझाड वाळता वाळता बुडातून दोन-चार फुटवे येतात. फुटवा आईच्या निम्म्याएवढा, निदान एक तृतीयांश तरी झाला की धारदार सुरीने कापून वेगळा लावावा. फार लहान असताना तोडला तर तो मूळ धरत नाही. तोडायचाच नसेल तर वाळलेली आई तेवढी कापून टाकावी आणि उसाच्या खोडव्यासारखे त्याच कुंडीत पुढचे पीक घ्यावे. फुटव्याला फुलायला जातीप्रमाणे एक ते तीन वर्षे लागतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हवा मात्र एक नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि सांगलीच्या आटपाडी, जत भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. त्यामुळे ‘ब्रोमेलिया इथे येते का’ या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हवेतला ओलावा झाडाच्या मायदेशासारखा असतो, पण जून ते सप्टेंबर सलग धुके आणि पाऊस असल्याने ऊन मिळत नाही. रंगीत पाने हिरवी पडतात आणि कुंडीतली मुळे कुजतात. पावसाळ्यात कुंड्या पडवीत, उजेडाच्या बाजूला हलवाव्यात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला काही वर्षी दवबिंदू गोठतात. त्या दिवसांत द्रोणातले पाणी ओतून टाकलेले बरे. गुझमानिया अशा थंडीत काळी पडते, बिलबर्गिया न्यूटन्स सहज निभावते. इथला एक फायदा म्हणजे जांभा दगड. त्याचे सच्छिद्र तुकडे कुंडीत घालायला उत्तम.

वाई, सातारा शहर, कराड हा मधला पट्टा सर्वांत सोयीचा. इथे कडक उन्हाची वेळ टाळून पूर्वेकडची गच्ची किंवा आंबा-चिकूची विरळ सावली मिळाली की जवळजवळ सगळ्या जाती येतात.

सांगली, मिरज, तासगाव आणि त्यापुढे पूर्वेला एप्रिल-मेची दुपार खरी परीक्षा घेते. पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. इथे जात निवडण्यालाच महत्त्व. निओरेगेलिया आणि एक्मिया आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड साठवून दिवसा वापरतात, त्यामुळे पाणी कमी उडते. निवडुंग आणि घायपातही हेच करतात. गुझमानिया आणि अनेक व्रीसियांची रंध्रे मात्र इतर झाडांसारखी दिवसा उघडी असतात. म्हणून पुण्याच्या नर्सरीतून आणलेली लालभडक गुझमानिया सांगलीच्या गच्चीवर मे महिन्यात टोकांकडून करपते आणि शेजारची निओरेगेलिया तशीच उभी असते. ढोबळ खूण अशी, की पान जाड, ताठ आणि काटेरी असेल तर झाड ऊन सोसते. मऊ आणि गुळगुळीत हिरवे असेल तर सावली मागते. डायकिया ही द्रोण नसलेली, खडकाळ माळावरची काटेरी प्रजाती तर आटपाडीच्या भर उन्हातही राहील. बाकीच्यांना ५० टक्क्यांचे शेडनेट पुरते. निओरेगेलियाला फार सावलीत ठेवले तर ती मरत नाही, पण लांबोडकी आणि हिरवीगार होते. मग ती घरात ठेवण्यात अर्थ उरत नाही.

कुंडीत माती नको, निदान काळी माती नकोच. ती ओल धरून ठेवते आणि हवा अडवते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे किंवा जांभ्याचे खडे आणि थोडे कोकोपीट एवढे पुरे. कुंडी लहान घ्यावी. झाड डगमगत असेल तर काठी बांधून आधार द्यावा, खोल पुरू नये. बुड गाडले की कुजते.

पाणी द्रोणात घालायचे आणि कुंडी जेमतेम ओलसर ठेवायची. पण पाणी कोणते, हा सांगली जिल्ह्यात नाजूक प्रश्न आहे. वाळवा, पलूस, मिरज भागात अतिपाण्याने क्षारपड झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना द्रोणात काय घडते ते लगेच कळेल. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरी पुटे चढतात, शोषणारे केस बुजतात आणि पानांची टोके तपकिरी होतात. घरच्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी झाडांना घालण्याची काटकसर इतरत्र चालून जाते, इथे नाही. त्यात क्षार आणखी दाट असतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवून साठवलेले पाणी सर्वांत चांगले. ते संपले तर बोअरचेच पाणी घालावे, पण दर आठवड्याला द्रोण उलटा करून धुवावा.

धुण्याचे दुसरे कारण डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्या दिवशी हौदाबरोबर ब्रोमेलियाही रिकामी करावी. पाच मिनिटांचे काम आहे. ज्याला तेवढेही जमणार नाही त्याने द्रोणाची ब्रोमेलिया लावू नये.

खत नसले तरी चालते. द्यायचेच तर विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईने पातळ करून उन्हाळ्या-पावसाळ्यात महिन्यातून एकदा. नत्र जास्त झाले की निओरेगेलियाचा रंग उडतो. युरियाचा दाणा द्रोणात पडला तर पान भाजते.

यापेक्षाही या भागात जपायची गोष्ट म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट. ब्रोमेलियांना तांबे विषासारखे बाधते. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण घरोघरी असते आणि फवारणीनंतर पंपात उरलेले द्रावण दारच्या कुंड्यांवर मारून टाकणे ही सहज होणारी गोष्ट. गुलाबाला त्याने फायदाही होईल, पण ब्रोमेलियाचा मधला कोंब काही दिवसांत सडून हातात येतो. कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्याच बुरशीनाशकाचेही तेच. रोप बांधायला तांब्याची तार वापरू नये. जुन्या द्राक्षवेलीचे पिळदार खोड दिसायला सुंदर असते आणि त्यावर ब्रोमेलिया बसवण्याचा मोह होतो, पण त्या सालीवर वर्षानुवर्षे बोर्डोची पेस्ट लावलेली असते. त्यापेक्षा आंब्याची किंवा चिकूची वाळकी फांदी घ्यावी. बुरशीचा त्रास झालाच तर सडका भाग कापून झाड कोरडे ठेवणे हाच पहिला उपाय. मिलीबग आणि खवले कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढावी आणि नंतर साध्या पाण्याने धुवावे.

वाढ पूर्ण होऊनही झाड फुलत नसेल तर त्याला फुलवता येते. अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या अझोरस बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर कोंडला की सगळी झाडे एकदम फुलतात असे एकोणिसाव्या शतकात लक्षात आले. धुरातला इथिलीन वायू हे त्याचे कारण. आपल्याकडे केळी धुराने पिकवतात आणि आंबा अढीत घालतात तेव्हा हाच वायू काम करत असतो. पानगळीसाठी डाळिंबावर आणि छाटणीआधी द्राक्षावर फवारले जाणारे इथ्रेल हे रसायनही वनस्पतीत इथिलीनच सोडते. अननसाचे शेतकरी तेच फुलोऱ्यासाठी वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये, मात्रा चुकली तर तुरा वेडावाकडा येतो. द्रोण रिकामा करावा, कुंडीत एक पिकलेले केळे किंवा सफरचंद ठेवावे, सगळे पारदर्शक पिशवीत बांधून सावलीत आठवडा-दहा दिवस ठेवावे. जातीप्रमाणे दीड ते साडेतीन महिन्यांत तुरा दिसतो. कोवळ्या झाडाला असे फुलवले तर तुरा किरकोळ येतो आणि त्याची एकमेव संधी वाया जाते.

टिलँड्सिया ही याच कुळातली प्रजाती ‘एअर प्लांट’ म्हणून मिळते. तिला कुंडी लागत नाही. पानांवरचे केस इतके दाट असतात की झाड राखाडी दिसते. आठवड्यातून एकदा, सांगलीच्या उन्हाळ्यात दोन-तीनदा, वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवून, नंतर उलटी धरून पूर्ण निथळू द्यावी. मधे पाणी राहिले तर ती सडते. दाढीसारखी लोंबणारी ‘स्पॅनिश मॉस’ हीसुद्धा टिलँड्सियाच. ती स्पेनची नाही आणि मॉस म्हणजे शेवाळही नाही.

कुळाची दुसरी टोकाची जात म्हणजे अँडीज पर्वतातली पुया रायमोंडी. तिचा फुलोरा धरून झाड दहा मीटरच्या वर जाते आणि फुलायला अनेक दशके घेते. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स (१९०९–१९९४) यांनी आपल्या देशातल्या रानटी ब्रोमेलिया बागांत आणि सार्वजनिक जागांत मानाने लावल्या. त्याआधी त्यांच्याच देशात शोभेसाठी युरोपातली झाडे मागवली जात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या जंगलातल्या जांभूळ-अंजनीच्या फांद्यांवर आमऱ्यांची जागा ठरलेली आहे. हौसेने आणलेली ब्रोमेलिया बंगल्याच्या आवारातल्या झाडावर बांधावी, रानातल्या नव्हे.