डोळे, मूत्रपिंड आणि नसाच का?

साखर वाढते ती सगळ्या रक्तात. मग मधुमेहात नेत्रपटल (डोळ्याच्या मागचा पडदा), मूत्रपिंड आणि पायाच्या संवेदना वाहणाऱ्या नसाच आधी का बिघडतात, दंडाचा स्नायू का नाही?

उत्तर पेशीच्या दारात आहे. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी बहुतांशी इन्सुलिनची हाक आली तरच ग्लुकोजला दार उघडतात. नेत्रपटलातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या मेसँजियल पेशी आणि नसांना वेढणाऱ्या श्वान पेशी यांना मात्र दार लोटून घेता येत नाही. रक्तात साखर ३०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) झाली की त्यांच्या आतही ती चढते.

आत आलेले ग्लुकोज तुटते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, प्रथिनांच्या साखळीवरून हातोहात पुढे जातात आणि शेवटच्या टप्प्यावर त्यांच्यापासून आणि ऑक्सिजनपासून पाणी बनते. आवक फार झाली की ही साखळी मध्येच तुंबते. काही इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला चिकटतात आणि पाण्याऐवजी सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा तोडफोड करणारा प्रकार तयार होतो. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो, म्हणजे पेशीला आतून चढणारा जणू गंज, इथून सुरू होतो, असे न्यूयॉर्कचे मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडले. सुपरऑक्साइडमुळे डीएनएचे धागे तुटतात. ते सांधायला पार्प नावाचे एन्झाइम धावते, पण त्या धावपळीत ते ग्लुकोज तोडणाऱ्या एका मोक्याच्या एन्झाइमला, जीएपीडीएचला, जखडून टाकते.

साखर कारखान्याची गव्हाण बंद पडल्यावर काय होते ते आठवा. ऊस यायचा थांबत नाही. आधी यार्ड भरते, मग गाड्या आडरस्त्यांवर उभ्या राहतात. पेशीतही जीएपीडीएचच्या अलीकडे साठलेला माल चार आडवाटांनी बाहेर पडतो, आणि नुकसान त्या वाटांवर होते.

पहिली वाट सॉर्बिटॉलची. अल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम जास्तीच्या ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करते. त्यासाठी ते एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू खर्च करते, आणि नेमके तेच पेशीला ग्लुटाथायोन हे स्वतःचे गंजरोधक ताजे ठेवायला लागते. म्हणजे ताण वाढतो तेव्हाच ढाल पातळ होते. डोळ्याच्या भिंगात तर सॉर्बिटॉल सहज बाहेर पडत नाही. ते पाणी ओढते, भिंग फुगते, चष्म्याचा नंबर बदलतो. म्हणून साखर खूप वरखाली होत असताना नवा चष्मा करू नये. ती स्थिरावल्यावर चार-सहा आठवडे थांबून नंबर काढावा, नाहीतर पैसे वाया.

दुसरी वाट तव्यावर रोज दिसते. भाकरीवर तांबूस डाग पडतात ते साखर आणि प्रथिने तापून जुळल्यामुळे. लुई कामी मेलार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही क्रिया शरीराच्या तापमानालाही होते, फक्त फार सावकाश. पेशीच्या आत तर तुंबलेल्या मालातून मिथाइलग्लायॉक्सल तयार होते आणि ते ग्लुकोजपेक्षा कितीतरी झपाट्याने प्रथिनांना चिकटते. कोलॅजन हे ऊतींना बांधून ठेवणारे धाग्यांसारखे प्रथिन वर्षानुवर्षे बदलले जात नाही, त्यामुळे त्यावर ही जोडणी साचत जाते. धागे एकमेकांना जखडतात, रक्तवाहिन्या ताठर होतात. जुन्या मधुमेहींना नमस्कार करताना दोन्ही तळहात नीट टेकवता येत नाहीत, बोटांमध्ये फट राहते, त्यामागे हेच कारण असू शकते.

उरलेल्या दोन वाटा प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमच्या आणि हेक्झोसामाइन या साखरेपासून बनणाऱ्या रेणूंच्या. पहिलीने बारीक वाहिन्यांतला प्रवाह आणि गळती बिघडते, दुसरीने कोणती जनुके किती काम करतात ते.

हे चित्र सर्वमान्य नाही. मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडात काही प्रयोगांत सुपरऑक्साइड वाढलेले नव्हे, कमी झालेले आढळले. अतिसाखरेने नुकसान होते याबद्दल मात्र वाद नाही.

‘गंज चढतो तर व्हिटॅमिन ई घ्या’ हा सल्ला तर्काला धरून वाटतो, पण फोल ठरला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊनही हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाला नाही. व्हिटॅमिनचा एक रेणू एक-दोन हल्लेखोर अडवतो आणि खर्ची पडतो. तुंबलेली साखळी दर क्षणाला नवे तयार करते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे हे.

नळ बंद केल्यावर काय होते ते डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीने दाखवले. टाइप १ मधुमेहाचे १४४१ जण, १९८३ ते १९९३. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ९ टक्क्यांच्या आसपास राहिलेल्यांच्या तुलनेत ७ च्या आसपास ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी साखर सांभाळलेला गट पुढेही वर्षानुवर्षे फायद्यात राहिला. कोलॅजनवर साचलेली जोडणी आणि जनुकांवर उमटलेल्या रासायनिक खुणा साखर उतरली म्हणून लगेच पुसल्या जात नाहीत. म्हणूनच पहिल्या काही वर्षांतली ढिलाई फार महागात पडते. उलट टोकही आहे: वर्षानुवर्षे चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर डोळ्यांचा विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून उपचार जोरात सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

हीच तपासणी एरवीही साधारण वर्षातून एकदा हवी. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन (गाळणी बिघडली की गळणारे रक्तातले प्रथिन) आणि क्रिएटिनिन (लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ) यांचे प्रमाण बघावे. क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या खाली असावे. तळपायाला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासावी. धागा वाकेपर्यंत दाबूनही कळले नाही, तर चप्पल चावलेलीही कळणार नाही.

एचबीए१सी हे तव्यावरच्या त्याच क्रियेचे मोजमाप, तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर केलेले. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ७ टक्के म्हणजे साखर सरासरी साधारण १५४. पण पेशी लवकर मरत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे (तांबड्या पेशी लवकर मरण्याचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच आहेत, तिथे हा धोका खरा आहे. लोहाच्या कमतरतेत उलटे होऊन आकडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी बोटातून रक्त घेऊन केलेल्या रोजच्या नोंदी आणि फ्रुक्टोसामाइन ही चाचणी कामाला येते. ती रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते.