ॲनी ह्यूज ग्रिफिथ्स यांची कागदपत्रे

वेल्समधील शांतता चळवळीच्या कार्यकर्त्या ॲनी जेन ह्यूज ग्रिफिथ्स (१८७३–१९४२) यांच्या खासगी कागदपत्रांत सर्वांत मोलाची आहे ती १९२४ सालच्या अमेरिका दौऱ्याची रोजनिशी. ती अबेरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहे.

ॲनी यांचे माहेर लानगेइथो गावाजवळचे कूर्त मावर हे घर. घरात कागद जपण्याची रीतच होती. त्यांचे भाऊ जॉन हम्फ्रीज डेव्हिस हे हस्तलिखितांचे मोठे संग्राहक आणि पुढे अबेरिस्टविथच्या महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांचा संग्रह आज याच ग्रंथालयात कूर्तमावर हस्तलिखिते म्हणून ओळखला जातो. ॲनी यांचा विवाह १८९८ मध्ये लिबरल पक्षाचे खासदार टॉम एलिस यांच्याशी झाला. लग्नाला वर्षही झाले नव्हते, तोच एप्रिल १८९९ मध्ये एलिस वारले. मुलगा त्याच वर्षाअखेरीस, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मला. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या चेरिंग क्रॉस येथील वेल्श चॅपेलचे धर्मोपदेशक पीटर ह्यूज ग्रिफिथ्स यांच्याशी पुनर्विवाह केला.

रोजनिशीचे मोल कळण्यासाठी आधी एका निवेदनाची हकीकत सांगायला हवी. पहिल्या महायुद्धाने वेल्समधील असंख्य घरांतली माणसे नेली होती. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) उभा राहिला, पण अमेरिका त्यात सामील झाली नाही. मे १९२३ मध्ये अबेरिस्टविथला भरलेल्या परिषदेत ठरले, की वेल्सच्या स्त्रियांनी अमेरिकेच्या स्त्रियांना थेट साद घालायची. मग गावोगावच्या बायका कागद घेऊन दारोदार फिरल्या. काही महिन्यांतच ३,९०,२९६ सह्या जमल्या. एवढ्या छोट्या देशासाठी हा आकडा थक्क करणारा आहे. सह्यांचे कागद एकापुढे एक मांडले तर सात मैल भरतील, असे तेव्हा सांगितले जाई. ते सारे ओक लाकडाच्या एका पेटीत भरले गेले.

फेब्रुवारी १९२४ मध्ये ॲनी, मेरी एलिस आणि एलिनेड प्रीस ‘सेड्रिक’ बोटीने पेटी घेऊन निघाल्या. ग्लॅडिस थॉमस याही शिष्टमंडळात होत्या. २१ फेब्रुवारीला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांची भेट झाली. त्यानंतर आगगाडीने शहरोशहरी सभा घेत त्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या. दौरा सुमारे दोन महिने चालला. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. निवेदनाची पेटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठेवली गेली आणि वेल्समध्ये हळूहळू तिचा विसर पडला.

म्हणूनच ही रोजनिशी महत्त्वाची. निवेदनातून सह्या किती झाल्या ते समजते. पण ते ओझे घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या बाईचे दिवस कसे गेले, हे तिच्याच शब्दांत फक्त इथे सापडते. अशी कागदपत्रे बहुधा ‘अमक्यांच्या पत्नी’ किंवा ‘तमक्यांच्या आई’ म्हणून घरच्या पुरुषांच्या दप्तरांत मिसळून जातात आणि त्यांच्यासाठी वेगळी नोंद होत नाही. ॲनी यांच्या बाबतीत तर पहिले पती, भाऊ आणि मुलगा तिघेही नावाजलेले. शिवाय त्यांची आडनावेही बदलत गेली. त्यामुळे त्यांचा शोध घेणाऱ्याला डेव्हिस, एलिस आणि ह्यूज ग्रिफिथ्स अशा तिन्ही नावांनी चाळावे लागते.

कार्डिफच्या टेम्पल ऑफ पीस या वास्तूत निवेदनाची चामडी बांधणीतली एक प्रत सापडली आणि नव्याने शोध सुरू झाला. शताब्दीच्या निमित्ताने स्मिथसोनियनने ती पेटी वेल्सला दिली आणि २०२३ मध्ये ती अबेरिस्टविथला पोहोचली. ज्या इमारतीत ॲनी यांची रोजनिशी आहे, त्याच इमारतीत आता त्यांनी वाहून नेलेल्या सह्याही आहेत. पाने डिजिटल रूपात आणून त्यांवरची नावे उतरवून घेण्याचे काम स्वयंसेवकांनी हाती घेतले. त्यामुळे आज वेल्समधल्या कुणालाही आपल्या पणजीचे नाव आणि तिने १९२३ मध्ये दिलेला घराचा पत्ता त्या पानांत शोधता येतो.