फुगवट्याचा आकार कसा उमगला

सर्पिल दीर्घिकेचा फोटो पाहिला की नजर आधी भुजांवर जाते. मधला पिवळसर फुगवटा नुसता उजेडाचा गोळा वाटतो. १९४३ पर्यंत खगोलशास्त्रज्ञांचीही गत तीच होती. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी देवयानी या शेजारच्या दीर्घिकेच्या भुजांमधले तारे सुटे करून दाखवले होते, पण दुर्बीण मध्यावर नेली की फोटोच्या प्लेटवर धुकंच उमटायचं.

ते धुकं फोडलं वॉल्टर बाडे यांनी. महायुद्ध चालू होतं. बाडे जर्मन, म्हणून युद्धकामाबाहेर. साहजिकच अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेची १०० इंची दुर्बीण त्यांना भरपूर मिळाली. खाली लॉस एंजेलिसचे दिवेही मंदावलेले. तरी निळ्या प्रकाशाच्या प्लेटा काही देईनात. मग त्यांनी तांबडा प्रकाश टिपणाऱ्या प्लेटा घेतल्या. एकेक एक्सपोजर तासन्‌तास चालायचं. आरशाचं तापमान बदललं की फोकस सरकतो, म्हणून तोही रात्रभर सांभाळायचा. अखेर धुक्याच्या जागी बारीक ठिपके उमटले: तांबडे राक्षसी तारे! निळ्या प्लेटांना ते दिसणारच नव्हते. १९४४ साली बाडेंनी ताऱ्यांचे दोन समूह मांडले, भुजांमधला निळा आणि फुगवट्यातला तांबडा. मला हे या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

आपल्या आकाशगंगेचा फुगवटा त्याहून अवघड, कारण मध्ये धूळ. बाडेंनी धनु राशीत, मूळ नक्षत्राच्या नांगीपासून थोडं पुढे, धूळ विरळ असलेली फट हेरली. तिला आजही ‘बाडेची खिडकी’ म्हणतात.

आकाराचा प्रश्न मात्र तसाच होता. आकाशगंगेच्या मध्यात ताऱ्यांचा दांडा, म्हणजे लांबट सरळ पट्टा, असावा, असं खगोलशास्त्रज्ञ द वोकुलर यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८१ मध्ये कोंब आणि सँडर्स यांनी संगणकावर दांडा घडवला, तर बाजूनं पाहताना तो भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसला. नव्वदच्या दशकात कोबे उपग्रहाच्या अवरक्त (धुळीतून पार होणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या) चित्रांत आपला फुगवटाही गोल नाही, चौकोनी घाटाचा निघाला.

२०१० मध्ये दोन गटांनी एका विशिष्ट जातीचे तांबडे तारे मोजले. त्यांचं मूळ तेज जवळपास सारखं, त्यामुळे दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. फुगवट्याच्या मध्यापासून वर आणि खाली, एकाच दिशेला, त्यांचे दोन थर सापडले: एक अलीकडे, एक पलीकडे. जोडून पाहिल्यावर आकृती उभी राहिली ती फुलीची. शेंगेचीच, आतून पाहिलेली.