ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरी

ख्रिस्ती श्रद्धा आणि नीती यांविषयीचे मूलभूत प्रश्न व त्यांची संप्रदायमान्य उत्तरे ठरावीक शब्दांत मांडणारा ग्रंथप्रकार, तसेच त्यावर आधारलेली शिक्षणपद्धती. मराठी ख्रिस्ती समाजात तिला कॅटेकिझम असेही म्हणतात. गोव्यात दोतोर्न हा शब्द रूढ आहे. प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेची संक्षिप्त कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना व संस्कार (बाप्तिस्म्यासारखे पवित्र विधी) ही तिची चार परंपरागत अंगे होत. प्रश्नोत्तरी वाचताना प्रश्न नेमका कोण विचारतो, हे आधी पाहावे. विचारणारा गुरू असेल, तर ती परीक्षा ठरते आणि शिष्य असेल, तर स्पष्टीकरण. या प्रकाराचे सामर्थ्य व त्याच्या उणिवा बहुतांशी याच भेदातून निघतात.

उगम : प्रश्नोत्तररूपाच्या उगमाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ बाप्तिस्म्याच्या विधीत आहे. प्राचीन विधीत उमेदवाराला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याविषयी ‘तू विश्वास ठेवतोस काय?’ असे तीनदा विचारीत आणि प्रत्येक होकारानंतर त्याला पाण्यात बुडवीत. याचा प्रमुख आधार असलेला *प्रेषितीय परंपरा* हा ग्रंथ पूर्वी रोममधील हिप्पोलितसचा व इ. स. सु. २१५ चा मानला जाई. अलीकडील संशोधक मात्र त्यात दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील निरनिराळे थर पाहतात. त्यामुळे त्यातील तीन वर्षांच्या उमेदवारीचा नियम तिसऱ्या शतकाच्या आरंभी सर्वत्र पाळला जात होता, असे धरून चालणे धोक्याचे आहे. जेरूसलेमच्या सिरिलची सु. ३५० मधील बाप्तिस्मापूर्व व्याख्याने आणि ऑगस्टीनने सु. ४०० मध्ये नवशिक्यांच्या शिक्षणाविषयी लिहिलेली पुस्तिका ही सामग्री अधिक भरवशाची आहे. पण ही दोन्ही प्रवचनरूप आहेत, प्रश्नोत्तररूप नाहीत. ऑगस्टीन एका प्रश्नावर मात्र भर देतो : येणारा माणूस कशासाठी आला आहे, हे शिक्षकाने आधी त्यालाच विचारावे आणि त्याच्या उत्तरापासून बोलायला सुरुवात करावी.

दुसरे मत हे रूप शाळेतून आले असे मानते. चौथ्या शतकातील दोनातुसचे लहान लॅटिन व्याकरण ‘शब्दांच्या जाती किती? आठ’ अशा थाटात सुरू होते, आणि मध्ययुगात लॅटिन शिकणारी मुले शतकानुशतके त्यावरच वाढली. *मुलांचा संवाद* या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा सु. ८०० चा लॅटिन ग्रंथ याच घडणीचा असून त्यात मतांगीकार व प्रभूची प्रार्थना येतात. तो अल्क्विनचा असल्याचे परंपरा सांगते, पण कर्तृत्व संशयास्पद आहे. होनोरियुसच्या सु. ११०० मधील *एल्युसिदारियुम* या ग्रंथात शिष्य विचारतो व गुरू सांगतो. त्याची भाषांतरे युरोपच्या अनेक लोकभाषांत झाली.

तिसरा धागा पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली देण्याचा आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. तेव्हापासून धर्मगुरूंना आज्ञावार विचारायच्या प्रश्नांच्या हस्तपुस्तिका लागू लागल्या. रूप शाळेचे आणि प्रयोजन बाप्तिस्म्याचे, असे मानणे सर्वांत सयुक्तिक दिसते. नीतिविषयक प्रश्नांचा तपशील मात्र बव्हंशी पापनिवेदनाच्या परंपरेतून आला असावा. आज्ञांखाली येणाऱ्या पापांच्या लांबलचक याद्यांचा उलगडा त्याखेरीज नीट होत नाही.

धर्मसुधारणेच्या काळातील ग्रंथ : १५२८ मध्ये सॅक्सनीतील चर्च-मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचेच नव्हे, तर पाळकांचेही अज्ञान पाहून मार्टिन ल्यूथर हादरला. १५२९ मध्ये त्याने लहान व मोठी अशा दोन प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केल्या. लहान प्रश्नोत्तरी प्रथम भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांच्या रूपात आली. तिच्यात ‘याचा अर्थ काय?’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो आणि घरच्यांना शिकवण्याची जबाबदारी घरच्या कर्त्यावर टाकलेली आहे. जिनीव्हा, हायडेलबर्ग व वेस्टमिन्स्टर येथील प्रश्नोत्तरी त्यानंतरच्या. कॅथलिक बाजूने पीटर कनिसियुसची १५५५ ची आणि ट्रेंट परिषदेनंतरची १५६६ ची रोमन प्रश्नोत्तरी महत्त्वाची आहे. हिचे नाव प्रश्नोत्तरी असले, तरी ती सलग गद्यात असून धर्मगुरूंसाठी लिहिलेली आहे. रॉबर्ट बेलार्मिनने दोन्ही पद्धती वापरल्या : १५९७ च्या लहान पुस्तकात गुरू विचारतो आणि मुलगा उत्तर देतो, शिक्षकांसाठीच्या १५९८ च्या विस्तृत पुस्तकात शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो.

हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) पॅलॅटिनेट या जर्मन राज्याचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला राजा) तिसरा फ्रेडरिक याच्या आज्ञेने तयार झाली. ती उर्सिनस व ओलेव्हियानस या दोघा धर्मशास्त्रज्ञांची समान रचना असल्याचे जुने संदर्भग्रंथ सांगतात. आज उर्सिनसला मुख्य लेखक आणि इतरांना साहाय्यक मंडळ मानण्याकडे कल आहे व तो ग्राह्य वाटतो. तिच्यात १२९ प्रश्न असून वर्षाच्या ५२ रविवारांना पुरतील अशी त्यांची विभागणी केलेली आहे. ‘जीवनात आणि मरणात तुझे एकमेव सांत्वन कोणते?’ हा तिचा पहिलाच प्रश्न. कॅथलिक मिस्सावर (प्रभुभोजनाच्या उपासनाविधीवर) कठोर टीका करणारा ८० वा प्रश्न पहिल्या आवृत्तीत नव्हता. तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत आला व तिसरीत वाढला. जुनी प्रत हाती आल्यास ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे यावरून ताडता येते.

अंगांचा क्रमही सहेतुक असतो. ल्यूथर आज्ञा आधी घेतो, मग मतांगीकार : माणसाला आधी आपला रोग कळावा, मग औषध. रोमन प्रश्नोत्तरीत मतांगीकार, संस्कार, आज्ञा, प्रार्थना असा क्रम आहे आणि १९९२ च्या कॅथलिक प्रश्नोत्तरीने तोच चालू ठेवला. हायडेलबर्गमध्ये आज्ञा तिसऱ्या, म्हणजे कृतज्ञतेच्या भागात आहेत. तिच्या मते सदाचार तारण (पापापासून मुक्ती) मिळवण्यासाठी नसून मिळालेल्या तारणाबद्दलचा आभार असतो. एकाच आज्ञेवरील उत्तराचा सूर तीन पुस्तकांत निरनिराळा का लागतो, हे या मांडणीतून समजते.

आज्ञांचे क्रमांक : येथे शिक्षक व विद्यार्थी दोघेही हमखास गोंधळतात. बायबलातील निर्गम २० व अनुवाद ५ येथील मजकुरात आज्ञांना क्रमांक दिलेले नाहीत. ऑगस्टीनला अनुसरून कॅथलिक व ल्यूथरपंथी मूर्तिनिषेध पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभविषयक आज्ञेचे दोन भाग करतात. रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन इत्यादी), अँग्लिकन व ऑर्थोडॉक्स परंपरांत मूर्तिनिषेध ही स्वतंत्र दुसरी आज्ञा असून लोभाची आज्ञा एकच आहे. म्हणून ‘खून करू नको’ ही कॅथलिक मुलाची पाचवी, तर प्रेस्बिटेरियन मुलाची सहावी आज्ञा होते. मिश्र विवाहाच्या कुटुंबात किंवा मिशनच्या शाळेत नुसत्या क्रमांकाने प्रश्न विचारला, तर उत्तर चुकलेले दिसते आणि मूल मात्र बरोबर असते. आज्ञा शब्दांनीच सांगावी, क्रमांक मागाहून.

नैतिक प्रश्नांची उत्तरे : प्रत्येक निषेधातून काय करावे याचा विधी काढणे ही प्रश्नोत्तरींची मुख्य रीत. ल्यूथरच्या मते खून न करणे म्हणजे शेजाऱ्याला इजा न करणे एवढेच नव्हे, तर त्याच्या प्रत्येक शारीरिक गरजेत त्याला मदत करणे. हायडेलबर्ग या आज्ञेखाली मत्सर, द्वेष व राग यांना खुनाचे मूळ म्हणते, आणि स्वतःला इजा करणे किंवा विनाकारण धोक्यात घालणे हेही त्यातच मोजते. चोरीच्या आज्ञेखाली ती खोटी वजने, खोटी मापे, खराब माल, खोटी नाणी व सावकारी व्याज यांचा उल्लेख करते. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीने (१९६ प्रश्न) तर ९९ व्या प्रश्नात आज्ञांचा अर्थ लावण्याचे आठ नियमच दिले आहेत.

उत्तरे बदलतातही, आणि बदल कसे झाले हे पाहणे फार उद्‌बोधक आहे. १५६६ च्या रोमन प्रश्नोत्तरीने राज्यसत्तेने कायद्याने दिलेला देहदंड पाचव्या आज्ञेचा भंग मानला नव्हता. १९९२ च्या कॅथलिक प्रश्नोत्तरीने तो अत्यंत गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला, १९९७ च्या सुधारित पाठाने असे प्रसंग जवळजवळ उरलेलेच नाहीत असे म्हटले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये २२६७ वा परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवण्यात आला. आत्महत्येबाबतही असेच झाले. १९१७ च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धर्मविधीने दफन नाकारलेले होते. १९८३ च्या कायद्यातून तो उल्लेख गेला. १९९२ चा ग्रंथ कृत्याला गंभीर पापच म्हणतो, पण तीव्र मानसिक व्याधी, भय किंवा यातना यांमुळे जबाबदारी कमी होते हे मान्य करतो आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगतो. शोकात बुडालेल्या घरी जाणाऱ्या पाळकाने २२८२ व २२८३ हे दोन परिच्छेद एकत्र वाचावेत. आजही कुठेकुठे पहिलाच अर्धा भाग ऐकवला जातो, आणि त्याने घरच्यांवर मोठा अन्याय होतो.

असत्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मारेकऱ्यापासून कोणाला लपवले असता खोटे बोलावे काय? ऑगस्टीनने सु. ३९५ व सु. ४२० मध्ये लिहिलेल्या दोन ग्रंथांत ‘नाही’ असेच उत्तर दिले, जरी इतरांचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोललेल्या निर्गम १ मधील इब्री सुइणी व यहोशवा २ मधील राहाब यांची उदाहरणे त्याच्या समोर होती. कॅथलिक प्रश्नोत्तरीच्या १९९२ च्या पाठात असत्याची व्याख्या ‘सत्य जाणण्याचा हक्क असलेल्याला’ चुकीच्या समजुतीकडे नेणे अशी होती. या शब्दांमुळे मारेकऱ्याला फसवण्यास वाट मिळत होती. १९९७ च्या पाठातून ते शब्द काढण्यात आले. मात्र हक्क नसलेल्याला सत्य सांगण्यास कोणी बांधील नाही, हे २४८९ व्या परिच्छेदातले वाक्य राहिले. म्हणजे मौन चालते, शब्द टाळणे चालते, पण उघड खोटे बोलण्याला अधिकृत उत्तर मोकळीक देत नाही. जुन्या आवृत्तीवरून शिकवणाऱ्याचे उत्तर नेमके येथेच चुकते.

दुःख व दुष्टता यांच्या प्रश्नावर हायडेलबर्गचे २७ वे उत्तर पाऊस आणि अवर्षण, सुगी आणि नापिकी, आरोग्य आणि आजार ही सारी पित्याच्या हातून येतात असे ठामपणे सांगते. कॅथलिक प्रश्नोत्तरी ३०९ व्या परिच्छेदात घाईचे कोणतेही उत्तर पुरणार नाही असे आधीच कबूल करते व संपूर्ण ख्रिस्ती श्रद्धेकडेच बोट दाखवते. रुग्णाच्या उशाशी पहिले उत्तर एकटे वापरू नये. त्याच्या आधीचा २६ वा प्रश्न देवाला पिता म्हणून ओळखायला शिकवतो आणि तो वगळला, तर उरते ती केवळ नियती.

शिकवण्याची पद्धत : ल्यूथरने प्रस्तावनेत दिलेल्या पायऱ्या आजही उपयोगी आहेत. आधी एकच ठरावीक पाठ घ्यावा आणि दरवर्षी शब्द बदलू नयेत. शब्द बदलले की लहान मुले व अशिक्षित प्रौढ गोंधळतात आणि आधीचे कष्ट वाया जातात. पाठ झाल्यावर अर्थ सांगावा, तोही एका वेळी एकाच आज्ञेचा. त्यानंतरच मोठे पुस्तक घ्यावे आणि ऐकणाऱ्यांच्या जीवनाला लागेल त्या आज्ञेवर अधिक वेळ द्यावा : कारागीर, व्यापारी, शेतकरी व चाकर यांच्यापुढे चोरीच्या, मुलांपुढे आईबापांच्या. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत (१०७ प्रश्न) आणखी एक सोय आहे. प्रत्येक उत्तरात प्रश्नाचे शब्द पुन्हा येतात, त्यामुळे उत्तर स्वतंत्र विधान म्हणून उभे राहते. प्रश्न क्रम मोडून विचारला, तर पाठांतर आणि समज यांतला फरक लगेच दिसतो. उत्तर बरोबर आले, तरी विद्यार्थ्याला त्याचे उदाहरण देता येत नसेल, तर त्याला पुढच्या प्रश्नाकडे नेऊ नये.

गोवा व मराठी प्रदेश : जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. घंटा वाजवीत मुले जमवून तो धर्मपाठ शिकवीत असे. पुढे मासेमारी किनाऱ्यावरील तमिळ ख्रिस्ती लोकांत तो मतांगीकाराच्या प्रत्येक कलमानंतर विश्वास आहे काय असे विचारी आणि लोक छातीवर हात क्रुसासारखे ठेवून होकार देत. बाप्तिस्म्याचा जुना प्रश्नच येथे रोजच्या पाठात उतरला होता. त्याची प्रश्नोत्तरी १५५७ मध्ये गोव्यात छापली गेली, पण तिची प्रत उपलब्ध नाही. मार्कोस जॉर्जची पोर्तुगीज प्रश्नोत्तरी १५७९ मध्ये कोचीन येथे तमिळमध्ये आली. फादर थॉमस स्टीफन्सची प्रश्नोत्तरी तिच्याच धर्तीवर असून ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे छापली गेली. तिच्या भाषेला मुखपृष्ठावर ब्राह्मण-कानारी म्हटले आहे. काही जुन्या मराठी लेखकांनी ती मराठी ग्रंथांत गणली. तथापि स्टीफन्सने आपल्या *ख्रिस्तपुराण* या ओवीबद्ध काव्याची (१६१६) भाषा वेगळ्या नावाने ओळखली असल्याने ही प्रश्नोत्तरी कोंकणी मानणेच योग्य. पुराणात श्रोता मध्येच शंका विचारतो आणि पाद्री-गुरू ओवीतून उत्तर देतो. प्रश्नोत्तरीत नसलेली मोकळीक स्टीफन्सने तेथे घेतली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मिशनरी व हिंदू पंडित यांचे जाहीर वाद झाले. १८५७ मधील विष्णुबोवा ब्रह्मचारी यांचा समुद्रकिनारीचा वाद त्यांतला प्रसिद्ध. त्यांत विचारणारा पुस्तकाला बांधलेला नव्हता.

शिकणाऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांत ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्या पूर्वजांचा प्रश्न सर्वांत जड आहे. जपानी नवख्रिस्ती तो विचारून रडत, असे झेवियरने १५५२ मधील पत्रात लिहिले आहे. त्याच्यापाशी दिलासा देणारे उत्तर नव्हते. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीचा ६० वा प्रश्न नेमका हाच असून तिचे उत्तर नकारार्थी आहे. कॅथलिक प्रश्नोत्तरी ८४७ व्या परिच्छेदात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक संविधानाला अनुसरून, स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखलेल्या पण प्रामाणिकपणे देवाला शोधणाऱ्यांना तारण मिळू शकते असे सांगते. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांना १२६१ वा परिच्छेद देवाच्या दयेवर सोपवतो.