रिव्हॉल्वरच्या काडतुसांची पार्श्वभूमी, आणि 'प्लस पी'चा घोळ

स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वरमध्ये काय भरावं ही चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत गाडी 'प्लस पी'वर येते, आणि तिथेच अडकते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या खोक्यावर हे छापलेलं दिसलं की बरेच जण धरून चालतात की हे जास्त जोरदार, म्हणून जीव वाचवायला जास्त चांगलं. पण या खुणेचा अर्थ एवढाच की काडतुसातला दाब नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. गोळी शरीरात किती खोल जाईल, फुलेल की नाही, तुमच्या हाताला दुसरा बार नीट टाकता येईल का, यातलं काहीच ती खूण सांगत नाही.

मुळात ही खूण लागलीच का, तर .३८ स्पेशल हे जुनं काडतूस आहे म्हणून. ते आलं १८९८ मध्ये, तेव्हा काळी दारू अजून वापरात होती आणि तिला जागा खूप लागते, म्हणून केस (काडतुसाचं पितळी कवच) लांब ठेवली. नंतर बिनधुराची दारू आली, ती थोडीशीच पुरते, पण केस तीच राहिली आणि आत भरपूर रिकामी जागा. १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोल नाकाची शिशाची गोळी, वेग सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास, दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड). शेजारी पिस्तुलाची ९ एमएम गोळी ठेवून बघा, तिची साधी मर्यादाच ३५,००० आहे. म्हणजे .३८ मध्ये आणखी दारू भरायला जागा कायम होती, आणि जागा दिसली की कोणीतरी ती भरणारच.

प्लस पी येण्याआधीचा इतिहास थोडक्यात. याच्या आधीच्या .३८ ने फिलिपिन्समधल्या लढाईत अमेरिकन सैन्याची निराशा केली, १९०४ मध्ये जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या झाल्या आणि मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची), .४५ ची शिफारस झाली. फुलणाऱ्या गोळ्यांचं नाव कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून पडलं आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने त्या युद्धात वापरायला मनाई केली. ती मनाई युद्धापुरती होती, पोलीस किंवा नागरिकांना ती लागू नव्हती, पण 'दमदम' या शब्दाची बदनामी एवढी झाली की पुढे कित्येक दशकं शहरांच्या पोलिसांना हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी) घ्यायचं म्हटलं की लोक खवळायचे. खरं तर साधी गोल नाकाची गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका जास्त, पण हे कोणी ऐकून घेत नव्हतं.

आता जो निर्णय मला आजही पटत नाही तो. १९३० मध्ये जाड, मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्वरसाठी .३८ स्पेशलच्याच मापाच्या केसमध्ये खूप कडक भरणा केलेलं काडतूस निघालं. अडचण सरळ होती, माप तेच असल्यामुळे ते छोट्या, जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्येही आरामात बसायचं. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा ही चूक सुधारली, केस ०.१३५ इंचाने लांब केली, म्हणजे मॅग्नम काडतूस .३८ च्या सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायच्या फिरत्या भागात) पूर्ण आत जातच नाही आणि सिलिंडर बंद होत नाही. माणूस कितीही घाईत असू दे, अंधारात असू दे, चूक होऊच शकत नाही. किती साधा आणि चांगला उपाय होता हा! आणि १९७० च्या दशकात उद्योगाने काय केलं, तर केसची लांबी तीच ठेवली, दाब वाढवला आणि केसच्या बुडावर 'प्लस पी' असा ठसा मारला. म्हणजे जे काम आधी पितळ करत होतं ते आता वाचणाऱ्यावर सोडलं. जुन्या रिव्हॉल्वरच्या मालकाने ठसा वाचायचा, त्याचा अर्थ माहीत असायचा, आणि आपली बंदूक त्या दाबासाठी बनलीय की नाही हेही माहीत असायचं.

गोंधळ आणखी वाढला तो मोजमापामुळे. पूर्वी दाब तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून मोजायचे, नंतर विद्युत सेन्सर आले, दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण लोक जुन्या तक्त्यातला आकडा नव्याशेजारी ठेवून वाद घालतात. आज .३८ प्लस पीची मर्यादा २०,००० आहे, म्हणजे साध्या ९ एमएमच्या खूप खाली. आणि 'प्लस पी प्लस'ला तर मान्य मर्यादाच नाही, ती काडतुसं पोलीस खात्यांच्या मागणीवरून बनली आणि आत किती दाब आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत.

गोळीच्या वजनाचा वाद याच काळातला. १९६० च्या दशकात हलकी आणि वेगवान, ११० ग्रेनच्या आसपासची हॉलो पॉइंट लोकप्रिय झाली. १९७० च्या दशकात सरकारी पैशातून एक निर्देशांक काढला गेला, त्यात गोळीमुळे क्षणभर पडणाऱ्या पोकळीला एवढं महत्त्व दिलं की हलक्या गोळ्या आपोआप वर आल्या, खोलीला किंमतच नाही. त्याच सुमाराला दुसरीकडे १५८ ग्रेनची, मऊ शिशाची, वर धातूचं जॅकेट नसलेली, कड असलेली हॉलो पॉइंट प्लस पीमध्ये पोलिसांकडे रुळली. मऊ शिसं कमी वेगातही फुलतं आणि वजनामुळे खोल जातं. माझ्या मते .३८ साठी एवढं समजून केलेलं काडतूस दुसरं नाही.

मग १९८६ ची मायामीची, एफबीआय आणि दरोडेखोरांमधली चकमक. ९ एमएमची ११५ ग्रेनची हॉलो पॉइंट एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली, तो त्यानंतरही लढत राहिला, दोन तपास अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. शेवट झाला तो एका जखमी अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्वरमधल्या .३८ प्लस पीने. यानंतर चाचणीसाठी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच खोली हा निकष रुजला, आणि तो योग्यच आहे.

पण हा निकष पूर्ण मापाच्या सर्व्हिस पिस्तुलांना डोळ्यासमोर ठेवून आला, आणि स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वर ठेवणाऱ्या बऱ्याच जणांकडे असते दोन इंची नळीची. तेवढ्या नळीत वेग बराच कमी होतो. मग हॉलो पॉइंटच्या तोंडात जीन्सचं कापड भरतं आणि ती साध्या गोळीसारखी आरपार जाते, किंवा फुलते आणि १२ इंचांच्या आधीच थांबते. यावर कोणी मोठ्या तोंडाची १३५ ग्रेनची गोळी खास आखूड नळीसाठी बनवली, कोणी पोकळीत मऊ पॉलिमर भरला. आणि काही अनुभवी लोक परत गेले वॉडकटरकडे, म्हणजे १४८ ग्रेनची सपाट तोंडाची गोळी जी कागदी निशाणावर स्वच्छ भोक पडावं म्हणून बनली होती. ती फुलत नाही, पण सरळ आणि पुरेशी खोल जाते, धक्का कमी, त्यामुळे पाचही बार जिथे हवे तिथे जातात. खोट एकच, सपाट तोंडामुळे स्पीडलोडरमधून (सगळी काडतुसं एकदम भरायच्या साधनातून) भरताना ती चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकाच्या, कडेला अडते, म्हणून दुसऱ्या भरणीसाठी लोक निमुळती गोळी ठेवतात.

नंतर टायटॅनियम, स्कँडियमची अतिहलकी रिव्हॉल्वरं आली आणि नवीनच त्रास सुरू झाला. झटका एवढा की न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात, आणि एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचं थांबतं. अशा बंदुकीत चार बार काढून पाचवं काडतूस बाहेर घ्यावं आणि त्याची लांबी मोजावी. निशाणही तपासावं, कारण .३८ ची न हलणारी साइट (नेम धरायची खूण) बहुतेकदा १५८ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेली असते आणि हलकी, वेगवान गोळी तिच्याखाली लागते.