शिसं कुठून यायचं आणि ते कापायची वेळ का आली

घरी शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या, म्हणजे बुलेट, ओतणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हल्ली सारखा निघतो, शिशाचा मोठा ठोकळा मिळालाय, मेल्टिंग पॉटमध्ये, म्हणजे शिसं वितळवायच्या भांड्यात, मावत नाही, कापायचा कसा? आधीच्या पिढीला हा प्रश्न एवढा पडायचा नाही. त्याचं कारण टूल्समध्ये नाहीये, शिसं कुठून येतं त्यात आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघायला हवं.

शिसं ३२७ अंशाला वितळतं म्हणजे साध्या लाकडाच्या आगीवर काम होतं, वर ते जड आणि मऊ, त्यामुळे बंदूक यायच्या कितीतरी आधीपासून लोक ते साच्यात ओतत होते. ग्रीक आणि रोमन सैन्यात शिशाचे गोफणगुंडे असायचे, काहींवर सेनापतीचं नाव नाहीतर शत्रूला उद्देशून 'हे घे' असं कोरलेलं सापडतं.

मस्केटच्या, म्हणजे तोंडाकडून गोळी भरायच्या जुन्या लांब बंदुकीच्या काळात तर ओतकाम हा बंदूक बाळगण्याचाच भाग होता. बंदुकीबरोबर तिच्या नळीच्या मापाचा साचा मिळायचा, आणि नळीचं माप सुद्धा शिशावरूनच ठरायचं, एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती १२ बोअर, शॉटगनचे आकडे आजही तेच चालतात. अमेरिकेत व्यापारी ठाण्यांवर शिशाच्या कांड्या विकायला असायच्या आणि शिकारी लागेल तेवढा तुकडा तोडून वितळवायचे. १८०४ मध्ये निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या, अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायच्या मोहिमेत तर बंदुकीची दारू ठेवायचे डबेच शिशाचे होते, एकूण ५२, आतली दारू संपली की तोच डबा वितळवून गोळ्या करायच्या आणि डब्याचं शिसं साधारण त्या दारूला पुरेल एवढंच घेतलेलं. मला हे नियोजन फार आवडतं, पॅकिंगचं वजन सुद्धा वाया जाऊ दिलं नाही.

पण युद्ध आलं की खाणीचं शिसं पुरायचं नाही आणि मग दुसऱ्या कामासाठी बसवलेलं शिसं उचकटलं जायचं. इंग्लंडच्या यादवी युद्धात चर्चच्या छपराचं शिसं गोळ्यांत गेलं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचं, ९ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला, त्याचे तुकडे केले आणि बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला पोचले, तिथे ऑलिव्हर वोल्कॉट या स्वातंत्र्याच्या बाजूच्या नेत्याच्या घरी बायका आणि मुलांनी मिळून त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या, हा आकडा त्यांनी लिहून ठेवलेल्या हिशेबातला आहे. म्हणजे मोठी वस्तू फोडून पॉटमध्ये जाईल एवढी करायची हे काम तेव्हाही होतंच.

१८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि गणित बदललं. वेग वाढला, मऊ शिसं नळीत घासून चिकटायला लागलं, मग लष्कराने तांब्याचं आवरण घेतलं आणि घरी ओतणाऱ्यांनी शिशात कथील आणि अँटिमनी मिसळायला घेतलं. कथीलाने साचा नीट भरतो, अँटिमनीने कडकपणा येतो. आता नुसतं शिसं पुरेना, मिश्रधातू हवा झाला.

आणि तो आयता मिळाला छापखान्यातून. १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मर्गेनथालरचं लायनोटाइप मशीन लागलं, ते वितळलेल्या धातूतून छपाईच्या अक्षरांची अख्खी ओळ ओतायचं, त्याच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील, हे बुलेट कडक करायला एकदम कामाचं. पुढे ऑफसेट आणि फोटोटाइपसेटिंग आलं, म्हणजे धातूची अक्षरं लागेनाशी झाली, न्यूयॉर्क टाइम्सचा शेवटचा हॉट मेटलचा, म्हणजे ओतलेल्या अक्षरांवर छापलेला अंक २ जुलै १९७८ चा, तसतसे छापखाने आपला धातू भंगारात काढत गेले आणि ओतणाऱ्यांनी तो साठवला. दुसरीकडे टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायची वजनं बादल्या भरून पडायची, त्यात तीन-चार टक्के अँटिमनी आणि जरासं कथील असायचंच. कित्येक वर्षं घरगुती ओतकामाचा पाया ही व्हील वेट्सच होती असं मी म्हणेन. टाइपच्या ओळी काय किंवा व्हील वेट काय, सगळे बोटाएवढे तुकडे, कापायचा प्रश्नच नाही.

हे आटत गेलं. शिशाचं विष शरीरात साठतं हे तर जुनंच, बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ मध्येच एका पत्रात त्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं, पण कायदे फार उशिरा आले. युरोपात २००५ पासून नव्या गाड्यांना शिशाची वजनं बंद, कॅलिफोर्नियात २०१० पासून, त्यांच्या जागी लोखंड आणि जस्त. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, पॉट जास्त तापला की तेही विरघळून पॉटमधलं सगळं शिसं खराब करतं, त्यामुळे आता बादलीतलं एकेक वजन बघून निवडावं लागतं. बॅटरीतलं शिसं पूर्वी काही जण वापरायचे पण आता त्याच्या वाटेला जाऊच नका, प्लेट्समध्ये कॅल्शियम आणि आर्सेनिक असू शकतं, वितळवताना वर येणाऱ्या मळीला ओल लागली तरी जीवघेणा वायू सुटू शकतो. मिसुरीतल्या हर्क्युलेनियमची भट्टी, खनिजातून शिसं काढणारी अमेरिकेतली शेवटची, ती २०१३ च्या शेवटी बंद झाली.

मग उरलं काय, तर एक्स-रे रूमच्या भिंतीतले पत्रे, जुनी छपरं आणि पाइप, शिडाच्या बोटीचे कील, म्हणजे बोटीच्या तळाशी लावलेली जड वजनं, सगळं मोठं. पत्र्याचं सोपं आहे, प्लंबर लोक पूर्वीपासून जाड पात्याची सुरी आणि हातोडी वापरून तो कापत आलेत. कीलचं खरं अवघड, शिसं मऊ असल्यामुळे बारीक दातांची करवत लगेच भरते आणि अडकते, मोठे दात आणि थोडं तेल लागतं. कुऱ्हाड नाहीतर छिन्नी आणि घण हा पुतळ्याच्या काळातला उपाय हळू आहे पण त्यात भुकटी होत नाही, म्हणून मी तोच आधी सांगेन. ग्राइंडर मात्र नकोच, त्याची चकती शिशाने भरते आणि तो विषारी धूळ हवेत सोडतो. करवतीचा कीस पडणार असेल तर खाली ताडपत्री घालून सगळा गोळा करायचा, तोही पॉटमध्ये जातो, फक्त पूर्ण कोरडा हवा कारण पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची वाफ होऊन सगळं अंगावर उडतं.